चरित्रं जोडीनं वाचा : सातारा-सांगलीच्या नव्या वाचकांसाठी

वाचायला सुरुवात करायची आहे, पण कुठून करू, असं विचारणारी माणसं मला नेहमी भेटतात. कुणी नुकतंच निवृत्त झालेलं असतं, कुणी स्पर्धा परीक्षेची गाईडं सोडून काही वाचलेलं नसतं, कुणाची मुलं मोठी होऊन दुपार मोकळी झालेली असते. बहुतेकांच्या मोबाईलवर उत्तम मराठी पुस्तकांची एखादी लांबलचक यादी आलेली असते. तिच्यातलं पहिलंच पुस्तक जाडजूड निघतं, चाळिसाव्या पानावर अडतं आणि माणूस म्हणतो, आपल्याला काही वाचनाची सवय नाही बुवा. सवय लागते, नक्की लागते. फक्त दार बरोबर निवडायला हवं.

माझ्या मते ते दार म्हणजे आपल्याच मुलखातल्या माणसांची आयुष्यं. आणि त्यातही एक गोष्ट मी आग्रहानं सांगतो : कुठलंही आयुष्य एकटं वाचू नका. त्याच्या शेजारी दुसरं ठेवा. त्याच काळातलं, जमलं तर त्याच तालुक्यातलं, पण वेगळ्या घरातलं. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत अशा जोड्या इतक्या आहेत की वर्ष-दोन वर्षं दुसरीकडे बघायला नको.

एक गोष्ट आधीच ध्यानात ठेवा, नाहीतर जुनी पुस्तकं वाचताना गोंधळ होतो. वाटेगाव, देवराष्ट्रे ही गावं जुन्या पुस्तकांत सातारा जिल्ह्यात सापडतात. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली ठेवलं गेलं. शिवाय आटपाडी, कुंडल, किर्लोस्करवाडी हा भाग औंध संस्थानात होता. म्हणून पुस्तकातला ‘सातारा’ आजच्या साताऱ्यापेक्षा बराच मोठा आहे.

पहिलं काम : वाचनालयाचं सभासद व्हा

पुस्तकं विकत घ्यायची घाई करू नका. आपल्याला काय आवडतं हे कळायच्या आधी घेतलेली पुस्तकं कपाटातच राहतात. महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे आणि त्याखाली अनुदान मिळणारी अ, ब, क, ड वर्गांतली वाचनालयं तालुक्याच्या गावी तर आहेतच, अनेक लहान गावांतही आहेत. जाताना आधार कार्डाची झेरॉक्स आणि फोटो न्या. अनामत रक्कम आणि वर्गणी भरली की देवघेव विभागातून पुस्तक घरी नेता येतं. वर्गणी किती, एका वेळी किती पुस्तकं मिळतात, मासिकं वेगळी मोजतात का आणि साप्ताहिक सुट्टी कधी, एवढं पहिल्या दिवशीच विचारून घ्या.

मुक्तद्वार असेल, म्हणजे तुम्हाला स्वतः कपाटापर्यंत जाऊ देत असतील, तर अर्धा तास नुसतं हिंडा. चरित्र-आत्मचरित्राची कपाटं बहुधा एकाच बाजूला असतात. मुक्तद्वार नसेल तर ग्रंथपालांना नाव सांगण्याऐवजी गाव सांगा : “आटपाडीकडचं काही आहे का?”, “फलटणच्या कुणाचं आत्मचरित्र आहे का?” चांगल्या ग्रंथपालाला असा प्रश्न फार आवडतो. त्यांच्या डोक्यातली यादी कुठल्याही मोबाईलवरच्या यादीपेक्षा उपयोगाची असते.

सांगलीकरांना वेगळं सांगायला नको, पण बाहेरून आलेल्यांसाठी सांगतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीतल्या जिल्हा नगर वाचनालयात पाणी शिरलं आणि हजारो पुस्तकं भिजून गेली, त्यात दुर्मीळही होती. ज्या गावानं असं नुकसान पाहिलंय तिथं वाचनालयाचं पुस्तक जपून वापरणं ही साधी शिस्त आहे. पानाचा कोपरा दुमडू नका, पेनानं खुणा करू नका, मुदतीत परत करा.

पहिला पंधरवडा : पुस्तक नको, थोडी पानं

इथं बहुतेक जण चुकतात. पहिल्याच दिवशी पुस्तक हातात घेतात. त्यापेक्षा एका बैठकीत संपणारं काही घ्या. मी सुचवतो ते तीन मजकूर असे.

पहिला, सावित्रीबाई फुल्यांची पत्रं. सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ चा, खंडाळा तालुक्यातल्या नायगावचा. जोतीरावांना लिहिलेली त्यांची तीन पत्रं आज वाचायला मिळतात : १८५६, १८६८ आणि १८७७ मधली. पहिली दोन नायगावहून लिहिलेली आहेत. १८५६ च्या पत्रात त्या आजारी म्हणून माहेरी आलेल्या आहेत आणि भाऊ त्यांना त्यांच्या कामाबद्दल बोल लावतो. त्याला त्यांनी काय उत्तर दिलं ते त्या नवऱ्याला कळवतात. १८६८ च्या पत्रात गावकरी एका तरुण जोडप्याच्या जिवावर उठलेले असताना त्या मध्ये कशा पडल्या ते आहे. तिसरं पत्र दुष्काळातलं, जुन्नर भागातून लिहिलेलं. पाठ्यपुस्तकातल्या चित्रात दिसणारी बाई आणि या पत्रांतली निर्धारानं, नीट मुद्दे मांडून बोलणारी बाई यांत केवढं अंतर आहे ते तुमचं तुम्हालाच जाणवेल. ही पत्रं सावित्रीबाईंच्या समग्र वाङ्मयात आहेत आणि ते बऱ्याच वाचनालयांत असतं.

दुसरा मजकूर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा. त्यांचं लहानपण साताऱ्यात गेलं. ७ नोव्हेंबर १९०० रोजी ते साताऱ्याच्या राजवाड्यातल्या सरकारी शाळेत दाखल झाले, आणि आता तो दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावानं त्यांनी इंग्रजीत काही आठवणी लिहून ठेवल्या. त्यातली पहिलीच आठवण १९०१ ची आहे. वडील खटाव तालुक्यात नोकरीला होते. त्यांना भेटायला बाबासाहेब आणि घरातली इतर मुलं नवे सदरे, जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरं अशी नटूनथटून रेल्वेनं निघाली आणि मसूर स्टेशनात उतरली. न्यायला कुणीच आलेलं नव्हतं. जात कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला. कुणी गाडीवान बसवून घेईना. शेवटी दुप्पट भाडं घेऊन एक जण तयार झाला, तोही या अटीवर की गाडी मुलांनी हाकायची. रात्रभर जवळ जेवण होतं, पण प्यायला पाणी नव्हतं. मसूर आपल्यातल्या अनेकांनी बघितलंय, कोयना एक्स्प्रेसनं जाताना खिडकीतून तरी. तो मजकूर वाचल्यावर ते स्टेशन पूर्वीसारखं दिसत नाही. मराठी अनुवाद मिळतो. इंग्रजी सोपं आहे, जमेल त्यांनी मुळातून वाचावं.

तिसरा मजकूर हलका घ्या : व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’मधलं कुठलंही एक व्यक्तिचित्र. ‘झेल्या’ घ्या किंवा ‘धर्मा रामोशी’. अर्ध्या तासात संपतं.

हे तीन वाचून झाले की तुम्ही पत्र, आठवण आणि व्यक्तिचित्र असे तीन वेगळे प्रकार वाचलेले असतील. यातलं कुठलं वाचताना चहा गार झाला, ते लक्षात ठेवा. पुढची निवड त्यावर करा.

आता जोडी लावा

माझ्या दृष्टीनं खरी गंमत इथून सुरू होते, म्हणून इथं सविस्तर बोलतो.

पहिली जोडी माणदेशची. व्यंकटेश माडगूळकर १९२७ मध्ये आटपाडी तालुक्यातल्या माडगुळ्यात जन्मले. ‘माणदेशी माणसं’ १९४९ मध्ये आलं, ‘बनगरवाडी’ १९५५ मध्ये. ‘बनगरवाडी’ छोटी आहे, चार-पाच बैठकींत होते. औंध संस्थानातल्या एका धनगरवाडीवर नवा, कोवळा मास्तर येतो, शाळेला पोरं जमवतो, वाडीच्या सुखदुःखात ओढला जातो आणि शेवटी दुष्काळ वाडी उठवतो. वाक्यं आखूड, शब्द मोजके. ज्याला मराठी गद्य आवडायला लागावं असं वाटतं त्यानं हे पुस्तक वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये, असं मी खुशाल म्हणेन.

आता तिच्या शेजारी शंकरराव खरातांचं ‘तराळ-अंतराळ’ ठेवा. खरात १९२१ चे, आटपाडीचे. तालुका तोच, संस्थान तेच, दुष्काळही तोच. पण हे आत्मचरित्र महारवाड्यातून लिहिलेलं आहे. वडील गावचे तराळ. गावाचे निरोप पोचवायचे, सांगितलं ते काम करायचं आणि बलुत्यावर घर चालवायचं. त्या घरातला मुलगा शिकतो, वकील होतो, बाबासाहेबांच्या चळवळीत येतो, पुढे मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू होतो आणि १९८४ मध्ये जळगावच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष.

दोन्ही पुस्तकं लागोपाठ वाचा, मध्ये आठवड्यापेक्षा जास्त खंड पडू देऊ नका. आणि वाचताना एकच गोष्ट शोधा : पाणी. गावात पाणी कुठं आहे, कोण भरतं, कुणाला थांबावं लागतं. माडगूळकरांच्या पानांवर दुष्काळ सगळ्या वाडीवर येतो. खरातांच्या पानांवर पाऊस असलेल्या वर्षीही पाण्यापर्यंतचं अंतर सगळ्यांना सारखं नसतं. यातलं एक खरं आणि दुसरं खोटं असं मुळीच नाही. दोघांनीही जे पाहिलं तेच लिहिलंय. पण एकच पुस्तक वाचून थांबलेल्या माणसाला माणदेश अर्धाच भेटतो. (जोडीला तिसरा पाहुणा हवा असेल तर थोरले बंधू ग. दि. माडगूळकर आहेतच. शेटफळ्याला १९१९ मध्ये जन्मलेल्या गदिमांची गाणी आपल्याला पाठ असतात, पण त्यांच्या गद्य आठवणी फार कमी लोक वाचतात. ‘मंतरलेले दिवस’ मागून घ्या.)

दुसरी जोडी फलटणची. बेबीताई कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ आणि लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’. बेबीताईंचं फलटणला छोटं दुकान होतं. माल बांधायला आणलेल्या रद्दीतले कागद त्या वाचत. लिहिलेलं मात्र वर्षानुवर्षं घरच्यांपासून लपवून ठेवलं होतं. ते आधी ‘स्त्री’ मासिकात क्रमशः आलं आणि १९८६ मध्ये त्याचं पुस्तक झालं. दलित स्त्रीनं लिहिलेल्या अगदी सुरुवातीच्या आत्मकथनांत त्याची गणना होते. त्यांच्या पुस्तकात ‘मी’पेक्षा ‘आम्ही’ जास्त आहे : सासुरवाशिणी, बाळंतिणी, जत्रा, अंगात येणं, वस्तीवरचं उपासमारीचं जिणं. ‘उपरा’ १९८० चं, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. गाढवाच्या पाठीवर संसार टाकून टोपल्या विणत गावोगाव फिरणाऱ्या कैकाडी कुटुंबातला मुलगा शाळेत जातो, त्याची ही कहाणी. एका पुस्तकात वस्ती गावाच्या वेशीबाहेर आहे. दुसऱ्यात वेशीबाहेरही कायमची जागा नाही. हे वाचताना त्रास होतो. होऊ द्या. दिवसाला वीस पानं पुरेत.

तिसरी जोडी कृष्णाकाठची, आणि ही सगळ्यांत विलक्षण. यशवंतराव चव्हाण १९१३ मध्ये देवराष्ट्र्यात जन्मले, अण्णा भाऊ साठे १९२० मध्ये वाटेगावात. आज दोन्ही गावं सांगली जिल्ह्यात. यशवंतरावांचे वडील लहानपणीच गेले, आई विठाईनं मुलांना वाढवलं. तो मुलगा कराडच्या टिळक हायस्कुलात शिकला. तू कोण होणार, या मास्तरांच्या प्रश्नाला मी यशवंतराव चव्हाण होणार, असं उत्तर देणारा. पुढे वकील झाला, तुरुंगात गेला, १९६० मध्ये महाराष्ट्राचा पहिला मुख्यमंत्री झाला. ‘कृष्णाकाठ’ हे त्यांचं आत्मचरित्र १९८४ चं. ते १९४६ पर्यंतच येऊन थांबतं. पुढचे खंड मनात होते, पण त्याच वर्षी ते गेले.

अण्णा भाऊंचं शिक्षण जेमतेम दीड दिवसाचं. कुटुंबाबरोबर वाटेगावहून चालत मुंबई गाठली, हमाली आणि गिरणी दोन्ही पाहिली, आणि लाल बावटा कलापथकात शाहीर झाले. ‘फकिरा’ १९५९ मध्ये आली. ती त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली आहे. १९५०च्या दशकात एक जण द्वैभाषिक मुंबई राज्याचा मुख्यमंत्री आणि दुसरा संयुक्त महाराष्ट्रासाठी रस्त्यावर पोवाडे, छक्कड गाणारा. एकाच नदीच्या खोऱ्यातली दोन माणसं एकाच प्रश्नाच्या दोन बाजूंना उभी होती. अण्णा भाऊंनी पूर्ण आत्मचरित्र लिहिलं नाही. त्यांचा स्वतःचा आवाज ऐकायचा तर १९६१ च्या दौऱ्यावरचं ‘माझा रशियाचा प्रवास’ वाचा. पुस्तक छोटं आणि उमेदीनं भरलेलं आहे.

हीच जोडी वाढवायची असेल तर क्रांतिसिंह नाना पाटलांवरचं चरित्र आणि इंग्रजांच्या काळात त्यांनी चालवलेल्या प्रतिसरकारवरची पुस्तकं घ्या. वसंतदादा पाटलांनी जुलै १९४३ मध्ये सांगलीचा तुरुंग फोडला, त्याच्या आसपासच्या आठवणीही. आपल्या आजोबा-पणजोबांची नावं अशा पुस्तकांत अचानक सापडतात, म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारत विचारत वाचा.

मग समुद्रापलीकडे

स्वतःच्या मुलखात पाय रोवले की परक्या देशातलं आयुष्यही परकं राहत नाही. त्यासाठी माझी आवडती जोडी अशी आहे : कर्मवीर भाऊराव पाटील आणि जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर.

कर्मवीरांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काल्यात रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये ती साताऱ्यात आणली. सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवणार, शेतात राबणार, स्वतः भांडी घासणार आणि शिकणार. मुलांच्या जेवणासाठी कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. १९२७ मध्ये साताऱ्याच्या बोर्डिंगाला, म्हणजे मुलांच्या वसतिगृहाला, शाहू छत्रपतींचं नाव देण्याचा समारंभ गांधीजींच्या हस्ते झाला. कर्मवीरांवर चरित्रं बरीच आहेत. त्यातलं लक्ष्मीबाईंना पानभर नव्हे तर नीट प्रकरणभर जागा देणारं निवडा. निवडायची माझी ही कसोटी आहे आणि ती इतर थोर पुरुषांच्या चरित्रांनाही लावून बघा.

आता वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ घ्या. १९८१ पासून मराठी घराघरांत वाचलं गेलेलं पुस्तक आहे. अमेरिकेत गुलामीत जन्मलेलं पोर शिकत शिकत शेतीशास्त्रज्ञ होतं आणि १८९६ मध्ये अलाबामातल्या टस्कीगीच्या संस्थेत शिकवायला जातं. तिथं विद्यार्थीच विटा पाडत आणि इमारती बांधत. कापसानं खंगलेल्या जमिनीत भुईमूग लावा, असं कार्व्हर शेतकऱ्यांना सांगत हिंडला. साताऱ्याच्या बोर्डिंगातली मुलं आणि टस्कीगीतली मुलं शेजारी शेजारी दिसू लागली, की वाचनाला वेग येतो. पुढे काय वाचायचं हे मग कुणाला विचारावं लागत नाही.

उलट दिशेनं आलेली माणसंही आपल्याकडे आहेत. गेल ऑम्व्हेट मिनियापोलिसला जन्मल्या, सत्यशोधक आणि ब्राह्मणेतर चळवळीचा अभ्यास करायला आल्या, भारताच्या नागरिक झाल्या आणि वाळवा तालुक्यातल्या कासेगावात राहिल्या. २०२१ मध्ये तिथंच त्यांचं निधन झालं. त्यांचं लेखन इंग्रजीत आहे, काहींचे मराठी अनुवाद झाले आहेत.

कोणत्या प्रकारचं पुस्तक आहे ते ओळखा

हे थोडक्यात. आत्मचरित्र म्हणजे माणसानं स्वतः आठवून लिहिलेलं. त्यात तारखा चुकू शकतात, पण आवाज खरा असतो. चरित्र दुसऱ्यानं कागदपत्रं बघून लिहिलेलं. चरित्रात्मक कादंबरीत संवाद बहुधा लेखकानं रचलेले असतात. ‘फकिरा’ वाटेगावच्याच एका खऱ्या वीरावर आहे, तरी ती कादंबरी आहे. तिच्यातला प्रसंग इतिहास म्हणून भाषणात ठोकून देऊ नका.

प्रस्तावना शेवटी वाचा. त्यात बहुतेक वेळा अख्खी गोष्ट फोडलेली असते. मात्र मुखपृष्ठामागचं पान आधी बघा : पहिली आवृत्ती कधीची आहे ते कळतं आणि लेखक कुठल्या काळात बसून बोलतोय याचा अंदाज येतो. बाबासाहेबांच्या चरित्रांपैकी धनंजय कीरांचं एका खंडात आहे, नव्या वाचकाला ते बरं. चांगदेव खैरमोड्यांचं अनेक खंडांत आहे. खैरमोडे साताऱ्याकडचे, पाचवडचे. त्यांचा पहिला खंड तरी वाचाच, कारण त्यात साताऱ्याचे दिवस येतात.

माणसाबद्दल काहीच माहीत नसेल तर आधी मराठी विश्वकोशातली नोंद वाचा. या कोशाचं काम वाईत उभं राहिलं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या हाताखाली. त्याचे वीस खंड संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. सरकारी साहित्य संस्कृती मंडळाचीही बरीच पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर आहेत. लेखकाच्या निधनाला साठ वर्षं होऊन गेली की पुस्तक स्वामित्वहक्कातून मोकळं होतं, म्हणून फुले, लक्ष्मीबाई टिळक, साने गुरुजी यांचं लेखन मोबाईलवर राजरोस वाचता येतं. हयात लेखकांच्या पुस्तकांच्या चोरट्या पीडीएफ मात्र कुणी पाठवल्या तर पुढे ढकलू नका. मराठी लेखकाला मिळतं तेच फार थोडं असतं.

पुस्तक घेऊन गावाला जा

जोडी वाचून झाली की एखादा रविवार काढा. पाचगणीजवळचं भिलार ४ मे २०१७ पासून पुस्तकांचं गाव आहे. वेल्समधल्या हे-ऑन-वाय या गावावरून ही कल्पना सुचली. पण तिथं पुस्तकांची दुकानं आहेत आणि भिलारला लोकांच्या घरांत पुस्तकं आहेत. आत जायचं, कपाटातून घ्यायचं, बसून वाचायचं, पैसे नाहीत. कुठल्या घरी कविता, कुठं इतिहास, कुठं चरित्रं अशी विषयवार मांडणी आहे. पावसाळ्यात तिकडे धो-धो कोसळतं, म्हणून दिवाळीनंतर जा. एकाच घरात दोन-तीन तास बसा. सगळी घरं बघून फोटो काढत फिरलात तर पुस्तक एकही वाचून होणार नाही.

औंधचं श्री भवानी वस्तुसंग्रहालय बघा, म्हणजे माडगूळकरांच्या पुस्तकातलं संस्थान डोळ्यांपुढे उभं राहतं. कराडला प्रीतिसंगमावर यशवंतरावांची समाधी आहे. सांगलीत असाल तर हरिपूरला संगमावर जा. ‘संगीत शारदा’ लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल तिथले. जरठ-कुमारी विवाहावरचं १८९९ चं ते नाटक वाचायलाही सोपं आहे. नाटक वाचायची सवय नसलेल्यांनी तिथून सुरुवात करावी. सांगलीत ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं, त्या तारखेला आपण मराठी रंगभूमी दिन पाळतो. आणि संक्रांतीला कृष्णाकाठी औदुंबरला सदानंद साहित्य संमेलन भरतं. मोठ्या संमेलनांचा गजबजाट नको असेल त्यांनी तिकडे जाऊन बसावं, लेखक जवळून ऐकायला मिळतात.

वही आणि भिशी

वाचताना शंभर पानी वही जवळ ठेवा. सारांश लिहायचा नाही. फक्त पान क्रमांक, माणसाचं किंवा गावाचं नाव आणि मनात आलेला प्रश्न. पुढच्या पुस्तकात तेच नाव आलं की मागची नोंद काढून बघायची. मला किर्लोस्करवाडीचं असंच सापडलं. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी निवडुंगाच्या माळावर उभारलेल्या कारखान्याची गोष्ट वाचताना कळलं की शंकरराव किर्लोस्करांनी ‘स्त्री’ मासिक १९३० मध्ये तिथूनच सुरू केलं. पुढे अर्ध्या शतकानंतर त्याच मासिकात बेबीताई पहिल्यांदा छापल्या गेल्या. नांगराचा कारखाना आणि फलटणच्या दुकानातली लपवलेली वही एका धाग्यात आली. त्या दिवशी मला फार आनंद झाला होता. शंकररावांचं आत्मचरित्र ‘शंवाकीय’ जुन्या वाचनालयांत मिळतं.

वाचन टिकवायचं असेल तर सोबत हवी. आपल्याकडे भिशी सगळ्यांना कळते, तीच पुस्तकांची करा. आठ-दहा जण जमा, दर महिन्याला ठरलेली रक्कम काढा, चिठ्ठी निघेल त्यानं त्या पैशांतून पुस्तकं घ्यायची. अट एवढीच ठेवा की घेतलेलं पुस्तक आधी स्वतः वाचून पुढच्या भिशीला त्यावर पाच मिनिटं बोलायचं आणि मग ते इतरांत फिरवायचं. चिवडा-चहा ज्याच्या घरी त्यानं. बायकांच्या भिशीत हे जास्त चांगलं चालतं, असा माझा अनुभव आहे, कारण तिथं कुणी न वाचता बोलत नाही. दिवाळीत त्याच पैशांतून दोन-तीन दिवाळी अंक घ्या. नव्या लेखकांची ओळख तिथं स्वस्तात होते.

अडलं तर

माणदेशी बोलीनं अडतात, हे नेहमीचं. पहिली दहा पानं मोठ्यानं वाचा, कान सरावतो. अवघड शब्दासाठी दर वेळी थांबू नका, दोन-तीनदा आला की अर्थ आपोआप लागतो. जोतीरावांची ‘गुलामगिरी’ १८७३ ची आहे, तिची वाक्यं लांब आहेत आणि प्रश्नोत्तरांची रीत जुनी आहे. ती दोघांनी मिळून वाचा, एकानं प्रश्न आणि दुसऱ्यानं उत्तर. डोळ्यांचा त्रास असलेल्या वडीलधाऱ्यांना नातवंडांनी वाचून दाखवावं. ‘माणदेशी माणसं’ त्यासाठी उत्तम.

पन्नास पानं होऊनही पुस्तक धरत नसेल तर परत करा आणि वहीत तारीख टाकून ठेवा. खेळाची आवड असेल तर गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचं चरित्र मागा, १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकचं कांस्यपदक आणणाऱ्या पैलवानाचं. विज्ञान आणि समाजकारणाकडे ओढा असेल तर साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर वाचा, तेही एकेकाळी कबड्डीचं मैदान गाजवलेले. लोकगीतं, ओव्या आवडत असतील तर वाळवा तालुक्यातल्या बागणीच्या सरोजिनी बाबर आणि सांगलीच्या तारा भवाळकर आहेत. परत केलेलं पुस्तक सहा महिन्यांनी पुन्हा मागा. तोवर त्याच्या शेजारी ठेवायला दुसरं एखादं तुम्ही वाचलेलं असेल, आणि पुष्कळदा ते मग सहज पुढे जातं.